सकाळी नऊच्या उन्हातले बारा फोटो

माझी फसवणूक माझ्या दुकानासमोरच्या सोसायटीच्या चेअरमनने केली, आणि तिच्यात वापरलेला कॅमेरा माझाच होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की हा माणूस गोल गोल बोलतो. त्यांनी मला फसवलं, आणि माझे बारा फोटो दाखवून सोसायटीतल्या सगळ्या घरांना फसवलं. सोसायटीच्या आवारात पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या खाली, पूर्वेच्या खांबाला टेबल लावून एक बाई इस्त्री करते. त्या खांबाला तडा आहे. माझ्या फोटोंत तो नाही.

खांबाला असलेला तडा फोटोत का नाही, हे कळायचं तर कॅमेरा प्रकाश कसा मोजतो ते थोडं कळायला हवं. मी ते कुठल्या क्लासात शिकलो नाही. तरुणपणी मी विंचूरला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होतो. तो माणूस ढीग कधी उन्हात बघत नसे. मूठभर कांदे उचलून शेडच्या सावलीत न्यायचा, तिथे फिरवून बघायचा आणि मग भाव बोलायचा. उन्हात लाल कांदा सगळाच चांगला दिसतो, असं त्याचं म्हणणं. मी ते ऐकलं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं तेव्हा वाटलं नाही.

कॅमेरा मी सटाण्याला घेतला. तिथला एक स्टुडिओ बंद होत होता. मालक म्हातारा, मला वाटलं मऊ असेल. सकाळी गेलो तो दुपारी जेवायची वेळ टळेपर्यंत घासाघीस केली. बॅग घाल, फ्लॅश घाल, तिपाई घाल. शेवटी त्याने सगळं माझ्यासमोर ढकललं आणि म्हणाला, "जा बाबा घेऊन. फक्त परत तोंड दाखवू नको." मी जिंकलो म्हणून एसटीत शिट्टी वाजवत आलो. घरी येऊन बघतो तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरची चकती फिरते, पण चालतो एकच मोड, एम म्हणजे मॅन्युअल. ऑटो मेलेला. उजेड आत यायचं भोक केवढं ते आपण ठरवायचं आणि ते किती वेळ उघडं राहणार तो वेग कॅमेऱ्याने, किंवा वेग आपण आणि भोक त्याने, हे अर्धे-अर्धे मोडही मेलेले. दोन्ही गोष्टी प्रत्येक वेळी मलाच ठरवाव्या लागायच्या. मदतीला फक्त डोळा लावतो त्या खिडकीच्या कडेला एक बारीक काटा होता. प्रकाश कमी पडला की तो खाली जायचा, जास्त झाला की वर.

त्या काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे कळायला मला दीड वर्ष आणि एक शिव्या खाल्लेलं काम लागलं. वणीला गडावर एका कुटुंबाचा फोटो काढायचा होता. नवसाचं जावळ होतं, घरातली पंधरा-वीस माणसं. मी त्यांना कठड्यापाशी उभं केलं, मागे नुसतं आभाळ. काटा मधोमध आणला आणि धडाधड फोटो काढले. रोल धुऊन आला. आभाळ सुंदर, ढगाचा पापुद्रान् पापुद्रा दिसतोय आणि माणसं कोळशासारखी. बाळाच्या आजोबांनी फोटो माझ्या दुकानाच्या फळीवर आपटले आणि विचारलं, "यातला मी कोणता, ते तू दाखव."

नंतर मी बसून विचार केला तेव्हा कळलं. कॅमेऱ्याला पांढरं माहीत नसतं आणि काळंही माहीत नसतं. त्याला एकच रंग माहीत असतो, करडा. समोर जे असेल ते करडं करायचं, एवढंच त्याचं काम. पांढरं धोतर दाखवलं तर प्रकाश कमी करून मळकट करील, काळी म्हैस दाखवली तर प्रकाश वाढवून भुरकट करील. शिवाय तो कुठला प्रकाश मोजतो हेही आपणच सांगायचं असतं. सगळ्या चौकटीची सरासरी घ्यायला सांगता येतं, मधल्या भागाला जास्त मान द्यायला सांगता येतं, किंवा हरभऱ्याएवढ्या एका ठिपक्यावर नेम धरून तेवढाच मोजायला सांगता येतं. वणीला मी त्याला सगळं आभाळ मोजू दिलं. मोजायचा होता आजोबांचा गाल.

त्या दिवसापासून मी एक नियम केला, आधी चेहरा. चेहरा उजळला पाहिजे, बाकी काय जळायचं ते जळो. नवा कॅमेरा आला, डिजिटल आला, त्यात सगळे मोड जिवंत होते, पण सवय तीच राहिली. लग्नात मी भोक ठरवतो, वेग कॅमेऱ्यावर सोडतो आणि त्याच्या हिशेबापेक्षा एक-सव्वा पायरी, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त प्रकाश देतो. नवरीचे पुरळ जातात, डोळ्यांखालचं काळं जातं, आईबाप खूश. नाशकात माझं नाव झालं ते त्या सव्वा पायरीवर.

आता टाकीकडे येतो. टाकी सोसायटीची स्वतःची, जुनी, चार खांबांवर उभी. गेल्या पावसाळ्यात तिच्या बुडातून पाणी ठिबकायला लागलं आणि सभेत आरडाओरड झाली. मग चेअरमनने एक ठेकेदार आणला. त्याने परांची बांधली, ठोकाठोक केली, वरून पांढरा रंग दिला. पण सभासदांनी हट्ट धरला की इंजिनिअरचा दाखला पाहिजे. इंजिनिअर बाहेरगावचा. त्याने सांगितलं, चांगल्या फोटोग्राफरकडून फोटो काढून पाठवा, ते बघून दाखला देतो.

चेअरमन माझ्या दुकानात आले ते दिवाळीनंतर. निवृत्त गृहस्थ, कपडे कायम कडक इस्त्रीचे, बोलणं गोड. खुर्चीत बसून माझ्या भिंतीवरच्या नवऱ्या बघत राहिले.

"तुमचं काम बघतोय बऱ्याच दिवसांपासून," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काय तेज असतं हो."

"काम बोला, साहेब."

"टाकीचे बारा फोटो हवेत. छापील, मागे तुमचा शिक्का. मोबाईलवरचे नकोत म्हणतात ते."

मी म्हटलं, "काढतो. फुकट काढतो." त्यांना बरं वाटलं. तेव्हा मी पुढचं काढलं, "पण वर्षभर सोसायटीत जे होईल, गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी, सगळ्याचे फोटो माझ्याकडे. आणि गेटवर माझी पाटी."

"पाटी छोटी."

"मोठी. वरून दिवा लावायचा."

ते हसले. "दिवा तुमच्या मीटरवर."

"तुमच्या," मी म्हटलं.

अर्धा तास लागला, पण दिवा त्यांच्या मीटरवर ठरला. माझ्याइतका चलाख माणूस या रस्त्यावर नाही असं मला त्या संध्याकाळी वाटत होतं. निघताना चेअरमन दारात थांबून म्हणाले, "सकाळी बरोबर नऊला या हं. सकाळचं ऊन कोवळं असतं, तुम्ही कलाकार लोकच सांगता ना?" मला ते ऐकून बरंच वाटलं. ज्याला त्याला भर दुपारी फोटो हवे असतात, हा माणूस निदान उन्हाची किंमत जाणतो.

नऊला गेलो. ठेकेदाराचा सुपरवायझर माझी वाट बघत उभा होता. इस्त्रीवाली बाई नव्हती, तिला त्या दिवशी दहानंतर यायला सांगितलं होतं. टेबल बाजूला सरकवून खांब मोकळा केला होता. ऊन समोरून सरळ खांबावर पडलं होतं आणि नवा पांढरा रंग असा तळपत होता की डोळे बारीक करावे लागले.

"शेठ, एकदम झकास आलं पाहिजे," सुपरवायझर म्हणाला. "काळपट आलं की पब्लिक घाबरतं."

"काळपट येत नाही माझ्याकडे काही."

"तेच ऐकलंय ना. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मी लग्नात लावतो तेच लावलं. भोक मी ठरवलं, वेग कॅमेऱ्यावर सोडला, सगळ्या चौकटीची सरासरी, वर सव्वा पायरी. कारणही माझ्या दृष्टीने बरोबर होतं. पांढऱ्या खांबाला कॅमेरा मळकट करणार हे मला माहीत होतं, म्हणून प्रकाश वाढवायला हवा होता. किती वाढवायचा हे बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही.

बघायची सोय होती. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर जिथे पांढरं हाताबाहेर गेलंय, जिथे काही उमटलेलंच नाही, तो भाग काळा-पांढरा लुकलुकतो. कॅमेरा आपल्याला सांगत असतो की इथे माझ्याकडे काही नाही. त्या सकाळी पूर्वेचा खांब माणसाच्या उंचीच्या थोडा वरपासून तुळईपर्यंत लुकलुकला. मी बघितलं. सुपरवायझरनेही माझ्या खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, "हे काय टिमटिमतंय?"

"काही नाही. नवरीचा शालू पण असाच टिमटिमतो," मी म्हणालो आणि ती सूचना बंद करून टाकली.

बारा फोटो छापून दिले, प्रत्येकाच्या मागे शिक्का मारून दिला. आठवड्यात दाखला आला. चेअरमनने दाखला आणि माझे फोटो नोटीस बोर्डाच्या काचेत लावले. गेटवर माझी पाटी लागली, वर दिवा. दिवा लागायला लागला तेव्हा मी दुकानात बसून तो बघायचो.

डिसेंबरात इस्त्रीवाली माझे शर्ट घेऊन आली. ती सटाण्याकडची, मीही त्याच भागातला, म्हणून मला भाऊ म्हणते आणि दुसऱ्याशी बोलत नाही तसं बोलते. शर्ट ठेवून ती गेली नाही.

"भाऊ, एक सांगू का? कपड्यावर रोज भुकटी पडस. पांढरी. झटकली का परत पडस."

"नवा रंग आहे. पडायचीच."

"पंधरा दिवस पडली तवा मी पण हेच म्हटलं. आता महिना व्हयना, तरी पडसच."

मी गेलो ते तिच्या समाधानासाठी. वेळ साडेअकराची असेल. थंडीतलं ऊन तेव्हा दक्षिणेकडून येतं, पूर्वेच्या अंगावर ते समोरून पडत नाही, कडेने घासून जातं. खांबावर नजर टाकली आणि आणखी जवळ गेलो. तुळईच्या खालून एक काळी रेघ तिरकी खाली उतरत होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर येऊन थांबली होती. रेघेची एक कड दुसरीपेक्षा किंचित पुढे होती. तेवढीच सावली पडत होती. नऊ वाजता सूर्य समोर असतो तेव्हा ती सावली पडतच नाही, आणि वर माझी सव्वा पायरी.

दुकानात पळत आलो. ते बारा फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि काळे करत गेलो. पायरीपायरीने अंधार केला, तरी खांब पांढऱ्याचा राखाडी झाला, रेघ काही आली नाही. जळलेल्या पांढऱ्यात मागे काही शिल्लक नसतं. मी त्या सकाळी तडा लपवला नव्हता, तो मी टिपलाच नव्हता. पण कागदावर दोन्ही एकसारखंच दिसतं.

कॅमेरा घेऊन परत गेलो. या वेळी ठिपक्यावर नेम धरला, खांबाच्या उजेडातल्या भागावर. मोड एम. पांढरं पांढरं राहील पण जळणार नाही इतकाच प्रकाश. रेघ उमटली, तिच्या तोंडाशी सुटलेला रंगाचा पापुद्राही उमटला. लगेच छापून मी चेअरमनच्या घरी गेलो. मी जिना चढत होतो तेव्हाच माझा आवाज चढला होता, हे कबूल करतो.

त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला. घाबरलेला माणूस असा बघत नाही. बायकोला चहा टाकायला सांगितला आणि मला विचारलं, "हा कुठल्या मोडवर काढलात?"

त्यांना मोड माहीत होते.

"मॅन्युअल," मी म्हणालो.

"म्हणजे किती गडद करायचं ते तुमच्या हातात. आणि आधीचे बारा?"

"ते अर्ध्या ऑटोवर."

"म्हणजे ते कॅमेऱ्याने काढले, आणि हा तुम्ही. आता तुम्हीच सांगा कलाकार, सभेत मी कोणावर विश्वास ठेवू? कॅमेरा तोच, खांब तोच, शिक्काही तोच."

"तुम्ही चला माझ्याबरोबर. आत्ता. खाली चला आणि डोळ्यांनी बघा."

"आत्ता ऊन गेलंय," ते म्हणाले. खिडकीकडे न बघता म्हणाले.

चहा आला, मी प्यायलो नाही. तोंडाला येईल ते बोललो. शेजारची दारं उघडली. दुसऱ्या दिवशी सोसायटीत बोभाटा झाला की फोटोवाला दिव्याच्या बिलावरून भांडायला आला होता.

मग मी शांतपणे काम करायचं ठरवलं. गवंड्याकडून ऐकलं होतं की तडा हलतो की नाही ते बघायला त्याच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतात. काच ताणली जात नाही, तडा केसभर जरी सरकला तरी ती फुटते. माझ्याकडे फोटोफ्रेमच्या काचेचे तुकडे होते. इस्त्रीवालीच्या स्टुलावर उभं राहून मी एक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवली. आणि दर सोमवारी साडेअकराला फोटो काढायला लागलो. त्यात एकच काळजी घ्यायची. भोक, वेग, सगळं एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवायचं आणि मग ऊन कमी वाटो की जास्त वाटो, काही बदलायचं नाही. ऑटोवर काढले तर कॅमेरा दर सोमवारी आपल्या मनाने जुळवून घेईल आणि सगळे फोटो सारखे दाखवील. हात बांधले तरच त्याला फरक दिसतो.

पहिले दोन सोमवार काही नाही. तिसऱ्या सोमवारी काच मधोमध तडकलेली होती.

इस्त्री थांबवून बाई वर बघत होती. मी म्हटलं, "ताई, टेबल उचला इथून. आजच्या आज."

"मी कुठं जाऊ भाऊ? ही जागा सोडली का परत देतीन का ते? आठ वर्षं झाली, इथं सावली शे म्हणून तर बसले."

"अहो, खांब हलतोय."

"तो बोर्डावरचा तुमनाच फोटो शे ना?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, ती खरोखर विचारत होती. "साहेब मला घेऊन गेले तिथं. म्हणाले, बाई, बघ, एवढा मोठा फोटोवाला, त्याच्या फोटोत काही नाही. तू कशाला घाबरतेस? मी म्हटलं, भाऊंनी काढलाय, तर बरोबर आसंल."

ती निखारे हलवत पुढे म्हणाली, "आणि तो सुपरवायझर तर लय बारकाईनं बघून गेलता. तुमच्या आधी चार दिवस. सकाळपासून दर तासाला यायचा, खांबाचा मोबाईलवर फोटो काढायचा, मोठा करून बघायचा, डोकं हलवायचा, परत यायचा. मी म्हटलं, आवं, रंग वाळला का बघता का काय? तर म्हणे, ऊन बघतोय."

तिला दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. चार दिवस, दर तासाला. शेवटच्या दिवशी नऊला फोटो काढला, मोठा करून बघितला आणि चेअरमनना खाली बोलावून दाखवला. दोघं हसले, असं ती म्हणाली.

त्या दोघांनी कांदेवाल्यासारखं काम केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. कुठल्या उजेडात माल चांगला दिसतो ते आधी शोधलं आणि त्याच उजेडात मला उभं केलं. आणि मीच का? नाशकात साइटचे फोटो काढणारे फोटोग्राफर आहेत, ते तडा दिसला तर त्याच्याशेजारी मोजपट्टी ठेवून काढतात. चेअरमन माझ्या भिंतीवरच्या नवऱ्या बघत बसले होते ते उगाच नाही. पुरळ घालवणारा माणूस त्यांना हवा होता. पाटीच्या दिव्यावर मी अर्धा तास घासाघीस करत होतो तेव्हा त्यांना काय मजा वाटली असेल, या विचाराने मला आजही जेवण जात नाही.

इंजिनिअरला फोन केला. फुटलेल्या काचेचा फोटो आधी पाठवला होता. तो शांतपणे म्हणाला, "मी दाखल्यात काय लिहिलंय ते वाचा. पाठवलेल्या छायाचित्रांवरून तडा आढळत नाही. छायाचित्रांवरून. आता छायाचित्रं चुकीची असतील तर ती कोणी काढली ते बघावं लागेल." त्याने फोन ठेवला नाही. मी ठेवायची वाट बघत थांबला.

सभासदांकडे गेलो. काहींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं की हे सगळं आता का सुचतंय, पाटी काढायची म्हणताहेत म्हणून का? मला तोवर माहीतही नव्हतं की पाटी काढणार आहेत. आठवड्याने ती काढली. त्याच दिवशी सुपरवायझर शिडी घेऊन आला, काचेचे तुकडे खरवडले, रेघेत पुट्टी भरली आणि वरून पांढऱ्याचा हात दिला. बोर्डावर नोटीस लागली की आवारात परवानगीशिवाय फोटो काढता येणार नाहीत.

म्हणून आता मी दुकानाच्या गच्चीवरून काढतो, लांबच्या लेन्सने. दर सोमवारी, साडेअकरा, तेच भोक, तोच वेग. पुट्टीचे पहिले तीन आठवडे खांब लग्नातल्या नवरीसारखा साफ होता. चौथ्या सोमवारी पुट्टीवर केसासारखी रेघ आली. आता ती जिथे थांबायची तिथून दीड हात खाली आली आहे. माझ्या डोक्याच्या वर होती, ती आता त्या बाईच्या डोक्याच्या उंचीला आली आहे. सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवले की ती खाली चालत येताना दिसते.

फेब्रुवारी संपत आला. ऊन वर चढतंय. सकाळी सहाला मोटर सुरू होते ती माझ्या घरापर्यंत ऐकू येते, आधी पाणी तळाशी आपटतं, मग आवाज जड होत जातो. पूर्वी टाकी पाऊण भरली की मोटर बंद व्हायची. या महिन्यात नवीन नोटीस लागली आहे: उन्हाळ्यात टंचाई होऊ नये म्हणून टाकी रोज काठोकाठ भरण्यात येईल. मोटर बंद व्हायला आता सात वाजून जातात. साडेसातला बाई येते, टेबल मांडते, निखारे पेटवते, आणि बसायच्या आधी काल रात्री पडलेली भुकटी फडक्याने पुसते. मी दोनदा माझ्या दुकानाच्या ओट्यावर जागा देतो म्हटलं. तिथे दुपारभर ऊन असतं, आणि सोसायटीच्या गेटबाहेर बसली तर कपडे देणार नाही, असं चेअरमनच्या बायकोने तिला सांगितलंय.

माझी चूक मी मान्य करतो. कॅमेरा लुकलुकून सांगत होता, मी त्याचं तोंड बंद केलं. त्याबद्दल मला कुठेही उभं करा, मी येईन. ते बारा फोटो मी मागे घेतले आहेत, तसं लेखी पत्र चेअरमनना आणि इंजिनिअरना दिलं आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. आता त्या खांबाखाली कोणी बसतं ते माझ्या शिक्क्यावर बसत नाही.

मग कोणाच्या सहीवर बसतं? चेअरमनसाहेब, तुम्हाला ऊन कळतं, मोडही कळतात. येत्या सोमवारी साडेअकराला त्या खांबाशी या, सोबत तुमच्या सुपरवायझरला आणि इंजिनिअरला आणा. तिघांनी रेघेवर बोट ठेवा, आणि मग त्या बाईसमोर कागदावर लिहा की टाकी काठोकाठ भरलेली असताना इथे बसायला हरकत नाही. खाली तिघांची नावं आणि सह्या करा. लिहिता येत नसेल तर का येत नाही, ते तिच्या तोंडावर सांगा.